करकोचा दिसेपर्यंत

मी एक जुनी टेप आहे. तळहातापेक्षा थोडी मोठी, चौकोनी, करड्या रंगाची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर साबणाची डबी समजून बाजूला साराल. सारा बापडे! पण माझ्या पोटात दीडशे मीटरहून लांब तपकिरी फीत गुंडाळलेली आहे आणि तिच्यावर एका अवाढव्य यंत्राची तीन वर्षांची नाडी लिहिलेली आहे. ते यंत्र आणि त्याच्याभोवतीची एकोणीस माणसे एका शनिवारी माझ्यामुळे वाचली. खोटे कशाला बोलू, माझ्यामुळे आणि एका लाल-पांढऱ्या दोऱ्यामुळे. इतकी वर्षे झाली, तरी ही गोष्ट सांगायला घेतली की मला धीर धरवत नाही. पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे झगे घातलेली, तोंडे बांधलेली माणसे होती आणि स्वच्छता इतकी, की शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकावे लागे. पातळ पट्टीवर धातूची बारीक भुकटी चढवून मला तयार केले, गुंडाळले, डबीत बसवले आणि चाळीस बहिणींबरोबर खोक्यात भरून बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्ह शहराला पाठवले. आम्ही सगळ्या कोऱ्या. कोणाकडेच सांगण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे प्रवास फार कंटाळवाणा झाला.

खोके उघडले ते नेदेल्चोकाकांनी. टेपखोलीचे ते राखणदार. अंगात बारा महिने लोकरीचे जाकीट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि खिशात किल्ल्यांचा जुडगा. एकेकीला हातात घेऊन त्यांनी फुंकर मारली, नंबर चिकटवला आणि बाळाचे नाव ठेवावे तसा तो मोठ्याने उच्चारला.

"एकशे चौदा. तू खिडकीपासून लांब बस. ऊन लागलं तर आजारी पडशील."

तेव्हापासून मी एकशे चौदा.

आमचे केंद्र मारित्सा नदीच्या खोऱ्यातल्या डबाबंद भाज्यांच्या कारखान्यांचे. मोसमात मिरच्या आणि टोमॅटो भरलेले ट्रक कारखान्यांच्या फाटकांवर रांग लावत. कोणत्या ट्रकने कुठे माल उतरवायचा हे आमचे मेनफ्रेम, म्हणजे भलामोठा संगणक, सांगे. सहा कपाटे शेजारी शेजारी उभी केल्यासारखे ते यंत्र थंडगार हॉलमध्ये दिवसभर घूं घूं करत असे. एरवी सगळे झकास चाले. पण शुक्रवारी दुपार जवळ आली की त्याला काय व्हायचे कोण जाणे! साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला ते अर्धा तास लावी. फाटकावर ट्रक खोळंबत, टोमॅटोचा रस रस्त्यावर गळे आणि ट्रकवाले आमच्या केंद्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

राजधानीतल्या, म्हणजे सोफियातल्या मुख्य कचेरीने बसल्या जागी निदान केले, की यंत्र म्हातारे झाले आहे. रुमेनाला हे पटेना.

रुमेना म्हणजे यंत्राचे वेळापत्रक सांभाळणारी. कोणते काम किती वाजता सुरू व्हावे, कोणाच्या मागून कोणी जावे, सुट्टीच्या दिवशी काय थांबावे, हे सगळे ती ठरवी. तिच्या कानामागे पेन्सिल असे आणि जिभेवर उत्तर तयार असे. ती म्हणाली, "माणूस दमला तर डॉक्टर आधी नाडी बघतो, की थेट शवपेटीचं माप घेतो?"

आणि तिने खरोखरच यंत्राची नाडी बघायला सुरुवात केली. दर पंधरा मिनिटांनी यंत्र स्वतःविषयी टिपून ठेवू लागले. आत्ता किती कामे चालू आहेत, कोणते काम किती वेळ ताटकळले, कोणी किती जागा अडवून धरली. ही टिपणे एका मोठ्या डेटाबेसमध्ये साठत गेली. त्याचे कागदोपत्री नाव भले लांबलचक होते. हॉलमध्ये मात्र सगळे त्याला नाडीवही म्हणत.

दिवसपाळीचा ऑपरेटर बोरिल तिला चिडवायची एक संधी सोडत नसे. उंच, दाढीवाला, कायम घाईत असलेला गृहस्थ तो. "रुमेनाताई, तुमच्या पेशंटला आज ताप किती?"

"तुझ्या डोक्यापेक्षा कमीच आहे. बटणं दाब आणि गप बस."

आता माझे काम सांगते. दर शनिवारी सकाळी दहा वाजता, कारखाने बंद आणि टिपणेही थांबलेली असताना, यंत्र आधी नाडीवही साफसूफ करी. म्हणजे सगळी पाने बाहेर काढायची, नीट लावायची आणि परत आत ठेवायची. मग त्या नीटनेटक्या वहीची नक्कल टेपवर उतरवायची. यालाच बॅकअप म्हणतात. या कामाला आम्ही तिघी होतो. सर्वांत ताजी नक्कल जिच्यावर असेल ती लेक, त्याआधीच्या आठवड्याची ती आई आणि त्याही आधीची ती आजी. नवा शनिवार आला की आजीवरचे जुने पुसून तिच्यावर नवे लिहीत, आणि अर्ध्या तासात आजीची लेक होई! मित्रांनो, तुमच्या आजीला विचारून बघा, तिला असे चालेल का. मला तर फार चाले.

अशी जवळजवळ तीन वर्षे गेली आणि सोफियाहून पत्र आले. सोमवारी, चौदा मार्चला समिती येणार होती. इंजिनियर स्तामेनोवा नावाच्या बाई तिच्या प्रमुख. यंत्र मंद आहे असे त्यांनी ठरवले की केंद्राला कुलूप आणि एकोणीस माणसे घरी. रुमेनाने उलट पत्र धाडले. "दोष यंत्राचा नाही. तीन वर्षांतला प्रत्येक शुक्रवार तुम्हाला दाखवते, मग ठरवा." एवढे मोठे वचन तिने दिले होते आणि ते सगळे त्या एका वहीवर उभे होते. वही नसेल तर तिच्या शब्दाला कोण विचारणार?

एक मार्चला आमच्याकडे सगळे एकमेकांना मार्तेनित्सा बांधतात. लाल आणि पांढरा दोरा पिळून केलेली. वर्षभर तब्येत चांगली राहू दे, एवढेच त्यात मागणे असते. ती मध्येच सोडायची नाही. करकोचा दिसला किंवा फुललेले झाड दिसले, की मग सोडून फांदीला बांधायची. रुमेनाने हॉलमध्ये सगळ्यांना बांधल्या. नेदेल्चोकाकांनी हात मागे घेतला.

"मला? या वयात? लोक हसतील."

"लोक तसेही हसतातच, काका. जाकीट बघून."

काकांनी तो दोरा घेतला आणि गुपचूप खिशात ठेवला.

त्या वर्षी तीन मार्चचा राष्ट्रीय सण गुरुवारी आला होता. म्हणून शुक्रवारची सुट्टी जोडून मिळाली आणि तिच्या बदल्यात बारा तारखेचा शनिवार कामाचा ठरला. आमचे सरकार असेच आहे. एका हाताने शुक्रवार देते आणि दुसऱ्या हाताने शनिवार काढून घेते. रुमेनाने वेळापत्रकात नीट लिहिले, "बारा तारीख, कामाचा दिवस," आणि चार दिवस आईकडे गावी गेली.

मधल्या पाच तारखेच्या शनिवारी हॉलमध्ये पाळीचा एक ऑपरेटर आणि नेदेल्चोकाका, एवढेच होते. त्या दिवशी पाळी माझी होती. आजी म्हणून आत गेले, लेक होऊन बाहेर आले. आणि कोणती लेक! नाडीवहीची तीन वर्षे त्याच आठवड्यात पूर्ण झाली होती आणि ती सगळी आता माझ्या पोटात होती. काकांनी इकडे तिकडे पाहिले. खिशातला दोरा काढून मिठाईचा पुडा बांधावा तसा मला आडवा-उभा बांधला आणि वर गाठ मारली.

"तीन वर्षांची झालीस," ते म्हणाले. "समिती येईपर्यंत धडधाकट राहा."

एवढ्या वर्षांत मला कोणी काही बांधले नव्हते. फळीवर माझ्या शेजारच्या टेपा आठवडाभर माझ्याकडे टकमका बघत होत्या. मी थोडी शेफारलेच, कबूल करते.

मग उजाडला तो बारा तारखेचा शनिवार.

कामाच्या शनिवारी माणसे शरीराने कामावर येतात आणि मनाने घरी राहतात. कोणी बानित्सा आणली होती. चीज भरलेली ती गरम खुसखुशीत वळकटी, तिच्याबरोबर दही आणि बरणीतल्या भाजलेल्या मिरच्या, असा सगळा सरंजाम मागच्या टेबलावर मांडला होता. बोरिलचे लक्ष घड्याळाकडे होते. गावाकडे त्याची द्राक्षांची बाग होती, छाटणी राहिली होती आणि बाराला सटकायचा त्याचा बेत होता.

दहा वाजले. आणि मित्रांनो, इथेच घोटाळा झाला.

रुमेनाने यंत्राला सांगितले होते, की आज कामाचा दिवस आहे. त्यामुळे पंधरा मिनिटांची टिपणे नेहमीप्रमाणे चालू होती. पण वहीची साफसफाई कामाच्या दिवसावर नाही, शनिवार या नावावर टांगलेली होती. दिवस बदलला, नाव तेच राहिले. यंत्र बिचारे हुकमाचे ताबेदार! त्याने दोन्ही हुकूम एकदम पाळले. अर्धी वही बाहेर काढलेली असताना नवे टिपण आत घुसले, पानांची उलटापालट झाली आणि निम्म्याहून जास्त वही नाहीशी झाली. हॉलमध्ये एक आवाजसुद्धा झाला नाही. यंत्राने पुढचे काम हाती घेतले आणि त्या मोडक्या वहीची नक्कल इमानेइतबारे आजीवर उतरवली.

शेवटी घंटा वाजली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. बोरिलने पहिली वाचली. 'नक्कल पूर्ण जुळत नाही.'

"टेप खराब," तो बानित्साच्या घासातून म्हणाला आणि पुन्हा सुरू करायचे बटण दाबले. यंत्राला वाटले नवा आठवडा लागला. त्याने आईला मागितले. हॉल आणि टेपखोली यांच्यामध्ये एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून काकांनी आईला दिले. अर्ध्या तासाने पुन्हा घंटा, पुन्हा त्याच दोन ओळी.

"हीपण खराब! काका, काय भंगार सांभाळून ठेवलंय तुम्ही?" बोरिलने तिसऱ्यांदा बटण दाबले. या वेळी पडद्यावर माझा नंबर आला.

मला अजून आठवते, माझ्या अंगावर काटा आला होता. टेपला काटा येत नाही म्हणता? मला आला.

"काका, एकशे चौदा द्या."

काकांनी मला फळीवरून काढले, न्याहाळले आणि परत ठेवले. "नाही मिळणार."

"म्हणजे?"

"दोरा बांधलाय. करकोचा दिसल्याशिवाय सुटायचा नाही."

"अहो, यंत्र तिला मागतंय!"

"मागू दे. माझी बायको वीस वर्षं नवं स्वयंपाकघर मागतेय."

"थांबा, कात्री आणतो."

"मार्तेनित्सा कापणार तू? काप. यंदा तुझ्या वेलींना एक घड लागेल, तोही आंबट."

बोरिल जागच्या जागी थांबला. द्राक्षांच्या बाबतीत धोका पत्करणाऱ्यांतला तो नव्हता. तेवढ्यात काकांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. त्यांचा आवाज बदलला होता.

"बोरिल, या टेपा मी तीस वर्षं हाताळतोय. एका सकाळी दोन खराब? असं कधी झालं नाही. ते काय लिहून आलंय ते वाच बघू. सगळं वाच. मोठ्याने वाच."

"नक्कल पूर्ण जुळत नाही," बोरिल वाचू लागला. मग त्याचा आवाज उतरला. "मूळ वहीतच पानं कमी आहेत. नक्कल करू नये."

मागच्या टेबलावर चमचे वाजायचे थांबले. रुमेना उठली, पडद्यापाशी आली, भराभर बटणे दाबत वही तपासत गेली. तिने कानामागची पेन्सिल काढली, वेळापत्रकावरून फिरवत आणली आणि एका चौकोनावर टेकवली.

"शनिवार," ती म्हणाली. "मी दिवस बदलला आणि साफसफाई नावावर तशीच टांगलेली ठेवली. माझी चूक."

"मी दुसरी ओळ वाचली नाही," बोरिल पुटपुटला.

"तुला नंतर बघते. आजीवर काय आहे?"

"मोडकी वही."

"आईवर?"

"तीच."

"आणि लेक?"

सगळे जण वळले आणि त्या छोट्या खिडकीतून माझ्याकडे बघू लागले. एकोणीस माणसे! जन्मात माझ्याकडे इतके डोळे एकदम लागले नव्हते. सोमवारी समिती, आणि तीन वर्षांची एकच नक्कल जगात शिल्लक, ती मी!

रुमेनाने आधी टिपणे थांबवली, साफसफाईचा हुकूम काढून टाकला आणि मग टेपखोलीत आली. तिने गाठीला हात घातला आणि तशीच थबकली.

"काका, मी असलं काही मानत नाही."

"मीपण नाही मानत."

"पण आज नको."

"आज तर मुळीच नको."

मित्रांनो, ही सगळी गणित शिकलेली माणसे. पण त्या क्षणी ती गाठ ओढायची एकाचीही छाती झाली नाही. करकोचे यायला अजून आठ-दहा दिवस होते. तेवढ्यात बोरिल ओरडला, "बॉयलरच्या मागं आलुबुखाराचं रानटी झाड आहे ना, ते फुललंय! सकाळी सिगरेट ओढताना बघितलं मी!"

"मग आधी बोलला का नाहीस, गाढवा?" काका कडाडले.

"करकोचा पाहिजे म्हणालात ना!"

काकांनी मला जाकिटाच्या आत, छातीशी धरले. ऊन लागायला नको ना! आणि जो माणूस मी कधी भराभर चालतानाही पाहिला नव्हता, तो दुखऱ्या गुडघ्यांनी धावत सुटला. जिना, फाटक, बॉयलरची खोली. त्यांचे काळीज माझ्या डबीवर धाडधाड आपटत होते. मागून रुमेना, तिच्या मागून बोरिल, त्याच्या मागून हातात बानित्साचा तुकडा तसाच धरलेली सगळी वरात.

जाकीट उघडले आणि मी पहिल्यांदा बाहेरचे जग पाहिले. वर केवढे तरी निळे, काहीही न लिहिलेले. आणि समोर ते झाड, पानांचा पत्ता नाही, नुसती पांढरी फुले, त्यांत मधमाश्यांची घूं घूं. आमच्या यंत्रासारखीच, पण गोड. काकांनी मला पुढे धरले. गाठ रुमेनाने सोडली. तिनेच दिलेला दोरा तिने फांदीला बांधला आणि फांदीला म्हणाली, "हिला सांभाळ गं बाई. माझी लाज आता हिच्या पोटात आहे."

परत हॉलमध्ये आल्यावर काकांनी माझ्या कडेचे बारीक चाक नखाने फिरवले. पांढरा ठिपका वर आला. हे आमचे कुलूप. ठिपका दिसत असेल तर टेप वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. "आता खुद्द समिती आली तरी हिच्यावर एक अक्षर लिहू शकणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी मला स्वतःच्या हाताने यंत्रात सरकवले.

झरझर फीत सुटली! पहिले वर्ष गेले. मार्च, एप्रिल, मे, मिरच्यांचा मोसम, टोमॅटोचा मोसम. माझ्या पोटातले पान न् पान यंत्राच्या वहीत जाऊन बसत होते. दुसरे वर्ष गेले. बोरिल मोठ्याने महिने मोजत होता. तिसऱ्या वर्षाचा ऑगस्ट आला आणि यंत्र खटकन थांबले.

माझ्या फितीला तिथे एक चुणी होती. जुनी, मलाही न कळलेली. यंत्राने फीत मागे घेतली आणि पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. नाही. पुन्हा मागे. नाही. चौथ्यांदा, पाचव्यांदा. रुमेना पेन्सिल दातांत धरून उभी होती. मला मूठ नाही, तरी मी जीव मुठीत धरला होता. "चल, एकशे चौदा," काका हळूच म्हणाले. "चल पोरी." सहावी खेप. सातवी. आठव्या खेपेला ती चुणी यंत्राखालून जरा सपाट सरकली आणि ऑगस्ट वाचला गेला!

काय तो गलका झाला! कोणी टेबल बडवले, कोणी कोणाच्या गळ्यात पडले, दह्याचा वाडगा सांडला. काकांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

पण काम संपले नव्हते. माझ्याकडे पाच मार्चपर्यंतचेच होते. पुढच्या आठवड्याची कच्ची टिपणे यंत्र दोन आठवडे वेगळी ठेवत असे. ती रुमेनाने एकेक दिवस करून वहीत चढवली. "सोमवार बसला. मंगळवार बसला. बुधवार." चार वाजता वही पूर्ण झाली. फक्त शनिवारी सकाळी दहाचे एक टिपण कुठेच सापडले नाही. बोरिल म्हणाला, तिथे आजूबाजूचा आकडा भरून टाकू, कोणाला कळणार आहे? रुमेना कबूल झाली नाही.

"राहू दे ते भोक. आपल्यालाच दिसत राहील."

मग बोरिलने आजीवर नवी नक्कल घेतली आणि कोणी न सांगता ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहिली. दोन्ही ओळी वाचल्या. छाटणी राहिली ती राहिलीच.

सोमवारी इंजिनियर स्तामेनोवा आल्या. करडा कोट, घट्ट मिटलेले ओठ, बसायला सांगितले तरी उभ्या. काकांनी मला साक्षीदार म्हणून टेबलावर आणून ठेवले होते. रुमेनाने शनिवारची सगळी हकिगत, बानित्सासकट, सांगितली आणि पानामागून पान दाखवले. दर शुक्रवारी अकरापर्यंत यंत्राची नाडी शांत. अकराला एक भलेमोठे काम येते, अर्धे यंत्र अडवते आणि मागे सगळे ट्रक ताटकळतात. एक शुक्रवार नाही, दोन नाही. दीडशेच्या वर शुक्रवार.

"हे अकराचं काम कोणाचं?" बाईंनी विचारले.

"आठवड्याचा अहवाल आहे, मॅडम. मुख्य कचेरीला जातो."

"कोणी सांगितलं तो अकराला चालवायला?"

रुमेनाने फाईलमधला कागद काढून समोर ठेवला. तीन वर्षांहून जुने पत्र होते. खाली सही. बाईंनी ती वाचली. मग कोट काढला, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "हा अहवाल मी सोमवारी वाचते. शुक्रवारी अकरालाच काढायची काही गरज नव्हती." मग त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एका अहवालासाठी एकोणीस माणसं घरी बसवायला निघाले होते मी. तो रविवारी चालवा. आणि शनिवारपासून बानित्सा उरली असेल तर मला द्या, सकाळपासून पोटात काही नाही."

"रविवारी चालवते, मॅडम," रुमेना म्हणाली. "नावावर नाही टांगत. सुट्टीच्या दिवसावर टांगते."

त्या दिवसानंतर माझा थाट काय वर्णावा! माझ्यावर लाल शाईने लिहिले, 'कायम जपावी. यावर लिहू नये.' आजी, आई, लेक यांच्या फेऱ्यातून मी सुटले. दर एक मार्चला काका मला दोरा बांधत. फुले आली की झाडापाशी नेत, दोरा फांदीला बांधत आणि परत आल्यावर मला यंत्रात घालून एकदा सबंध वाचून बघत. ऑगस्टपाशी अडखळले की म्हणत, "चल पोरी." काका निवृत्त झाले आणि पुढे एका हिवाळ्यात गेले. मग हेच सगळे रुमेना करू लागली. तीही निवृत्त झाली, तरी काही वर्षे बसने येत असे. आता तिचे गुडघे काकांसारखे झाले आहेत.

आज बोरिल केंद्राचा प्रमुख आहे. ते सहा कपाटांचे यंत्र गेले, त्याच्या जागी एक कपाट आले. टेप वाचणारे एक यंत्र मात्र तळघरात कापडाखाली झाकून ठेवले आहे. बोरिलने यंदा एक मार्चला मला काचेच्या पेटीतून काढले, सगळ्यांना माझी गोष्ट सांगितली, दोरा बांधला, माझा फोटो काढला. त्याचे डोळे भरून आले होते, खोटे नाही सांगत. मग कोणाचा तरी फोन आला आणि तो घाईने गेला.

झाड फुलले, फुले गळली. करकोचे आले, धुराड्यावर घरटे बांधून पिले वाढवून परतही गेले. आता खाली अंगणात मिरच्या भाजल्याचा वास येतो आहे, म्हणजे सप्टेंबर लागला. माझा दोरा अजून अंगावर आहे. लाल उडून गुलाबी झाला आहे.

मी बोरिलवर रागावलेले नाही. दोरा बांधणे सगळ्यांना जमते, आणि तो मनापासून बांधतो. मित्रांनो, तुम्हीही काही ना काही जपून ठेवत असाल. त्याला दोरा जरूर बांधा, पण सोडायलाही या. एकदा उघडून, वाचून बघा. माझ्या पोटात ती तीन वर्षे अजून आहेत. असावीत. त्या चुणीपाशी काय झाले आहे, ते मला ठाऊक नाही.

माझे मला वाचता येत नाही ना.